केळीच्या पानाचं झाकण

३ ऑक्टोबर १९९१, गुरुवार
अखेर सुकापूरला आले. खोली अगदी मनासारखी मिळाली. घरमालक दाजींच्या घरामागे, पूर्वी मीठ साठवायची ही जागा. जाड दगडी भिंती, एक दार, वर वीतभर झरोका, खिडकी नाही. बाहेर केळी, पुढे भाताची खाचरं, आणि लांबवर नव्या पनवेलच्या इमारती. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, बी.एस्सी.नंतर संशोधन करायचं मात्र राहूनच गेलं. आता एका शिक्षणसंस्थेने एकाकी रानमाश्यांवर शाळांसाठी पुस्तिका लिहायला सांगितली आहे. मुखपृष्ठावर माझं नाव. महिनाअखेर हस्तलिखित द्यायचं. आज फार बरं वाटतंय.

५ ऑक्टोबर, शनिवार
केळीखाली बांबूच्या नळ्यांची जुडी टांगली. या माश्यांना पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी एकटी भोक शोधते, आत शिरून स्वतःच्या अंगाने मोजते आणि माप बसलं तर तिथे पिलांसाठी कोठ्या करते. दाराच्या चौकटीत भुंगा पोखरतो आहे. मागच्या बांधाच्या मातीत निळ्या पट्ट्यांची माशी आहे. तिचे नर संध्याकाळी गवताची काडी जबड्यात धरून तसेच झोपतात. गुलाबावर पानकापी माशी.
झाडलोट करणाऱ्या भामाने मध किती निघेल म्हणून विचारलं. निघत नाही, म्हटलं. तर म्हणते, मध नाय? मंग या माश्या पालता कशाला, बाय?

९ ऑक्टोबर, बुधवार
संस्थेचे चिटणीस कृष्णकांत यांचं पत्र. मुखपृष्ठावर पोळ्याचं चित्र हवं, आणि मधाचे औषधी उपयोग. दोन पत्रं लिहून समजावलं होतं, तरी हे! शिवाय या वयात बांधावरून फिरणं झेपेल का, ही चौकशी. झेपतंय.
पेन्सिलीएवढ्या नळीपासून दंडाएवढ्या बांबूपर्यंत सगळी मापं टांगली. शेवटचा बांबू केवळ ताळ्यासाठी. एवढ्या भोकात कोणतीच माशी जात नाही, हे नोंदवायला.

१४ ऑक्टोबर, सोमवार
पानकापीच्या सात नळ्या भरल्या. ती पानाचे लांबट तुकडे कापून कोठीला आतून अस्तर लावते, मग आत परागाचा गोळा आणि त्यावर एकच अंडं ठेवते. शेवटी गोल तुकडे कापते. गोल फक्त झाकणासाठी.
दंडाएवढा बांबूही भरला आहे. आत केळीच्या पानाचे लांबट तुकडे, प्रत्येक माझ्या तळव्याएवढा. कडा कात्रीने कापल्यासारख्या.
दाजी संतापले. पत्रावळी लावायच्या तं इचारून कापा, मास्तरीणबाय, म्हणाले. मी! त्यांना सरळ सांगितलं की गावातल्या टवाळ पोरांना विचारा. चेष्टा थांबावी म्हणून सगळं अस्तर ओढून काढलं आणि बांबू चुलीत घातला.

१९ ऑक्टोबर, शनिवार
केळीच्या पानांतून हातभर लांबीचे तुकडे गेले आहेत. ते माझ्या खोलीत सापडले. ट्रंकेमागची भिंत झाकली आहे, तीन थर, डिंकासारखे चिकटलेले. कोयत्याने खरवडून काढले. दुपारी बाजारातून येते तर पुन्हा लागलेले. दाराला कुलूप होतं. झरोक्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत.
बांबू जाळला, म्हणून तिने दुसरं भोक शोधलं. हे वाक्य लिहिताना माझा मलाच राग येतो.
कृष्णकांतांना लिहिलं, स्वतः येऊन पाहा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
उत्तर आलं. दिवाळीनंतर बघू. पोळ्याचं चित्र तेवढं तयार ठेवा.
कोपऱ्यात पिवळा गोळा आहे, घमेल्याएवढा. पराग. वास आंबटगोड, ताकात गूळ विरघळवल्यासारखा. रोज वाढतो. भामाने दारातूनच पाहिला आणि म्हणाली, बाय, सामान उचला नि चला माज्यासंगं. आता थट्टा नव्हती तिच्या आवाजात. मी नाही म्हटलं. पुराव्याशिवाय निघाले तर आयुष्यभर हसतील. पनवेलचा फोटोवाला गुरुदत्त शनिवारी येईन म्हणाला आहे. फोटो निघाला की त्याच दिवशी जाईन.
भातकापणीसाठी दाजींच्या घरचे सगळे उद्या चिरनेरला, लेकीकडे. भामाही कापणीला. शनिवारपर्यंत मी एकटी.

२३ ऑक्टोबर, बुधवार
चारही भिंती झाकल्या. दिवसभर बाहेर बसले. काही दिसलं नाही. फक्त आवाज — मोटारसायकल लांब उभी करून चालू ठेवावी तसा. मी वळले की थांबतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ
केळीची पानं पाहिली. आजची भोकं गोल आहेत. परातीएवढी.
आत्ताच निघायला हवं. वह्या तेवढ्या आत आहेत. वीस दिवसांचं काम. घेते आणि —

दुपार
आतच आहे. वह्या बांधायला वाकले, आवाज झाला, उजेड हिरवा झाला. दार लागलं नाही. दाराच्या जागी पान आहे. झरोक्यातही.
गोळ्यावर अंडं. पांढरं, तवशाच्या काकडीएवढं, किंचित वाकडं. मी खोलीत असताना ठेवलं —
हाका मारल्या. बाहेरून आणखी एक थर बसल्याचा आवाज आला. मग आणखी एक. सात मोजले.

२५, बहुधा सकाळ
कोणी नाही. कोयता पानात रुततो, निघत नाही. घसा बसला.
अंड्याच्या आत काहीतरी सरकलं. गुरुदत्त उद्या —

नंतर
एकतीस कोठ्या उघडून मोजल्या आहेत मी. प्रत्येकीत पिलाला पुरेल तेवढंच अन्न. कमी नाही, जास्त नाही. एकाही कोठीत चूक नाही.
बॅटरी धरून हा गोळा मोजला. दोनदा. एवढ्या अंड्याला हा पुरणार नाही. निम्माही —
ती मोजण्यात चुकत नाही. खोलीत आधीच काय आहे ते पाहून मगच तिने —