निनादच्या चौकीवरचा डबा

वाराणसी,
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते, इकडे सगळं ठीक. आई ठीक, मीही ठीक, गुडघे सोडून. देवदीपावलीची गर्दी ओसरली, पण पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर सांडलेलं तेल अजून पायाला लागतं. परवा आई तिथेच घसरता घसरता वाचली. म्हटलं, आता पुरे कर ते पहाटेचं स्नान, इथल्यांचा कार्तिक पौर्णिमेलाच संपला. तर म्हणे, "त्यांचा संपला, आपला अमावस्येपर्यंत आहे." घ्या! चार पिढ्या काशीत काढल्या तरी पंचांग आपलंच.

तुझे फोन मी उचलले नाहीत. रागावली असशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? "झालं का गं यंत्र?" म्हणतेस आणि माझं तोंड उघडायच्या आत निनादच्या स्वेटरवर घसरतेस. म्हणून आज लिहायला बसले. सुट्टी टाकली आहे. लॅबमध्ये कोणी विचारलं तर ताप आहे.

ताप नाही. दमलेय. झोपून उठलं तरी दमलेलीच असते, असं पूर्वी कधी होत नव्हतं.

कामाचं जास्त लिहायची मुभा नाही, पण एवढं तर तुझ्या सगळ्या भिशीला ठाऊक आहे की तुझी बहीण ड्रोन ऐकणारा डबा बनवते. लांबून ड्रोनचा आवाज आला की डब्यावर लाल दिवा लागतो. पहिले डबे सीमेवर, तुझ्या निनादच्याच भागात जायचे ठरले तेव्हा तू पेढे वाटलेस म्हणे. कशाला गं? वाटायच्या आधी विचारायचंस तरी.

डब्याला ऐकायला शिकवावं लागतं, पोराला शिकवावं तसं. हा ड्रोनचा आवाज, हा नाही, असं हजारदा ऐकवायचं. आम्ही ते गंगेच्या उस पार, रेतीवर करत होतो. ड्रोन उडवायला पोलिसांची परवानगी लागते, आणि ती आम्हाला मिळायची फक्त उजाडताना, नावा कमी असतात तेव्हा. त्यामुळे ड्रोनचे सगळे आवाज भरले पहाटे. बिनड्रोनचे आवाज भरले दुपारी, जेवणं आटोपून, निवांत. दोन वर्षं हेच चाललं. परीक्षेत डबा जवळजवळ पैकीच्या पैकी. दिल्लीहून आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली, माझीही आणि डब्याचीही.

मग गेल्या महिन्यात एका पहाटे माझा सहकारी नीलकंठ ड्रोनच्या बॅटऱ्या चार्ज करायला विसरला. मी रेतीवर उभी राहून त्याच्यावर तोंडसुख घेत होते आणि डब्यावरचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "बघ, डबा तुझ्यापेक्षा शहाणा, कामाला लागला." नीलकंठने ड्रोनची पेटी उघडून माझ्यापुढे धरली. ड्रोन आतच होता. पलीकडे घाटावर मंगल आरतीच्या घंटा वाजत होत्या, शंख वाजत होता. आरती थांबली. दिवा विझला.

कळलं ना, ताई? डबा ड्रोन शिकलाच नव्हता. तो आरती शिकला होता. रोज पहाटे ड्रोनच्या जोडीला घंटा असायच्याच, त्याने घंटाच धरून ठेवल्या. आणि आम्ही सगळे इथलेच. जन्मभर ऐकतोय, आम्हाला त्या घंटा ऐकूच येत नाहीत आता. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं असतं, हा गोंगाट कसला?

तरी वाटलं, घंटांबरोबर थोडं ड्रोनचंही शिकला असेल. मिर्झापूरच्या बाजूला डोंगरात नेऊन पाहिलं. शांत जागा, घंटा नाही, माणूस नाही. ड्रोन डोक्यावरून जाऊन आला, डबा ढिम्म. नीलकंठ तिथेच दगडावर बसून रडला. त्याला समजवायचं सोडून मी त्याच्यावरच ओरडले, की आता रडून काय उपयोग.

पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, तेही वर, बर्फात, वाऱ्यात. म्हणजे हा हिवाळा गेलाच. पण आमचे प्रमुख श्रीनिवास सर म्हणाले, "मालविका, दहापैकी चारदा तरी पकडेल ना? सही कर, डबे जाऊ देत. मागाहून सुधारू. काहीच नसण्यापेक्षा बरं." सर वाईट नाहीत गं. त्यांच्यावरही वरून दट्ट्या आहे, तारीख जाहीर होऊन बसली आहे.

मी सही केली नाही.

बघ, लिहिलं एकदाचं. कोणी अडवलं नाही, मंजुरी अडकली नाही, पैसे संपले नाहीत. तुला असलंच काहीतरी सांगायचं मनात होतं आणि तू विश्वासही ठेवला असतास. निनादच्या चौकीवर डबा येत नाही, कारण मी तो येऊ दिला नाही.

तू म्हणशील, पोटच्या पोरासारखा वाढवलास ना त्याला सुट्ट्यांमध्ये, आणि आता असं? अगं, तोच डोळ्यांपुढे होता. दसऱ्याला फोनवर मला काय म्हणाला सांगू? "मावशी, तुझा डबा आला ना, की मी रात्रीचे दोन पहारेकरी कमी करणार. पोरं फार थकलीत, झोपू देत बिचारी." केवढ्या मायेने म्हणाला! डबा नसेल तर ती पोरं निदान कान टवकारून बसतील. डबा असला की दिव्याकडे बघत बसतील, आणि दिवा लागणारच नाही. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या जागी दुसरं कोणी सही करेल." करू देत. मीही वर लिहून कळवलंय, डोंगरातल्या चाचणीसकट. आता मला या कामावर ठेवतात की नाही, ते त्यांचं ते बघतील. मला खरंच त्याचं काही वाटत नाही. थकव्याचा तेवढा एक फायदा.

चिडायचं तर चीड. भिशीत काय तोंड दाखवू म्हणशील, तर सांग, बहीण नालायक निघाली.

पण त्याआधी एक कर. तू सहा महिने निनादला सांगतेस, "मालूमावशीचा डबा येतोय, मग निर्धास्त झोप." त्याने ते खरं धरलंय. कदाचित पहारा आत्ताच ढिला केला असेल, येतोच आहे म्हणून. मी दोनदा नंबर लावला आणि कापला. त्याचा आवाज ऐकला की मी पाघळेन, "येईल रे लवकर" म्हणून मोकळी होईन. तू आई आहेस. तुझ्याच्याने होणार नाही असं वाटेल, तरी तूच सांग. हे वाचल्या वाचल्या सांग. म्हणावं, मावशीचा डबा येत नाही. कोणी दुसऱ्याने आणून दिला तरी त्याच्या भरवशावर राहू नकोस. एकही पहारेकरी कमी करू नकोस. झोपू नकोस, बाळा.

एवढं सांगून झालं की मग मला फोन कर, आणि हवं तेवढं बोल. या वेळी उचलेन.

तुझ्या लेकाला झोप देऊ न शकलेली,
मालू