अँसेलचा कोपरा

लॉरेल फोर्क, केंटकी
३ मार्च १९७४

ती. आजीस,
ऑर्लिनाचा शि. सा. न. वि. वि.

ओंडक्यांच्या घराला या उन्हाळ्यासाठी तीन लग्नं आणि एक कुळाचा मेळावा मिळाला आहे. भाड्याने घेणारे लोक घराचा इतिहास विचारतात, म्हणून दारापाशी पाटी लावावी म्हणते. पण लिहू काय? शेजारचे होबार्टकाका म्हणतात, तो तुरुंग होता. मिसेस कॉम्ब्स म्हणतात, चर्च होतं. टपालवाला म्हणतो, नाचघर. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

त्यात जुनी घरं पाहणारे एक साहेब येऊन गेले. त्यांच्या मते एका कोपऱ्यात ओंडके एकमेकांत बसवायच्या खाचा निराळ्या आहेत, म्हणजे हे दोन घरांचं जोडकाम आहे, अस्सल नाही. एइनो सुतार म्हणतो, तो कोपरा काढून बाकीच्यांसारखा करता येईल. एइनो मिनेसोटाचा आहे. एइनोच्या आजोबांनी फिनलंडात अशीच घरं बांधली. काय करू ते कळव. आईबाबांना नमस्कार.

तुझी लाडकी,
ऑर्लिना


हॅमिल्टन, ओहायो
११ मार्च

चि. ऑर्लिना हिस,
आजीचे अनेक उ. आ.

मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय, सगळ्या मुंग्या सारख्याच.

तिघंही खरं बोलतात. शनिवारी नाच व्हायचा, रविवारी त्याच बाकांवर प्रवचन. फिडल म्हणजे सैतानाचं वाद्य असं ज्या जागेवरून सांगायचे, तिथेच आदल्या रात्री ते वाजलेलं असायचं. आणि होबार्टच्या बापाला पिऊन धिंगाणा घातला की तिथेच कोंडायचे. त्याच्यापुरता तो तुरुंगच होता.

आता कोपऱ्याचं ऐक. आपल्याकडे घर उभं करायचं म्हणजे चार कोपऱ्यांवर चार कुऱ्हाडवाले चढतात. ज्याने कोपरा चढवला, त्याला त्या घराच्या टेबलाशी कधी नाही म्हणायचं नाही, मग तो वैरी का असेना. माझ्या बापाने चौथा कोपरा होबार्टच्या बापाला दिला होता. तो पिऊन आडवा. कोपरा मोकळा राहिला, तेवढ्यात डोंगरापलीकडचा एक काटकुळा पोरगा न विचारता वर चढला. पलीकडच्यांचं नावही आमच्या घरात घेत नसत. त्याने खाचा पाडल्या त्या पलीकडच्या पद्धतीने. बापाने पाहिलं तोवर भिंत खांद्याला लागली होती. त्याला जेवायला बसवणं भाग पडलं. वाढायला मी होते. तोच तुझा आजोबा अँसेल.

त्याच घरात आमचं लग्न लागलं, आणि मग फोर्कवरचा जो तो लग्नाला तिथेच यायला लागला. तेव्हा त्या कोपऱ्याला हात लावशील तर याद राख. दारातून शिरताना डाव्या हाताचा.

आणि इवल्याशा पत्रात तीनदा त्या सुताराचं नाव? लिहिताना तुझ्या आईचं पेन अडखळलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आजी


लॉरेल फोर्क
१९ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने मी आणखीच गोंधळले. दाराच्या डाव्या हाताच्या कोपऱ्याच्या खाचा बाकीच्यांसारख्याच आहेत. निराळा आहे तो मागचा, चुलीजवळचा. नेमका त्याचाच एक ओंडका कुजलाय आणि तो काढावाच लागणार. बाबांना फोन केला, तेही डावाच म्हणाले. मग आजोबांचा कोणता? चुकीचा वाचवला आणि खरा मोडला तर?

बाबांना एइनोबद्दलही सांगितलं. आम्ही लग्न करायचं ठरवलंय, याच घरात. ते म्हणाले, कुठल्या कोण परक्याच्या टेबलाला मी बसणार नाही, लग्नालाही येणार नाही. आजी, त्यांच्याशिवाय मला लग्न करायचं नाही, आणि एइनोशिवायही नाही. काम थांबवून ठेवलंय. लवकर लिही.

ऑर्लिना


हॅमिल्टन
२५ मार्च

चि. ऑर्लिना हिस,
अनेक उ. आ.

डावं-उजवं जाऊ दे खड्ड्यात. पुरानंतर घर उचलून टेकडीवर नेलं, तेव्हा दार दुसऱ्या भिंतीत पाडलं. माझ्या डोक्यात घर अजून ओढ्याकाठीच उभं आहे. तुझा बाप तर मी सांगितलेलंच पुन्हा सांगतो.

एवढंच बघ, कोणता कोपरा गळतो? कुजलाय तोच ना? मग तोच अँसेलचा. बाकीच्यांच्या खाचा उतरत्या, पाणी बाहेर जातं. त्याच्या खाचेत पाणी साठायचं. जन्मभर म्हणत राहिला, येत्या शरदात नीट करतो. मी तिथे वाडगा ठेवायची. प्रवचन चालू असताना टप टप व्हायचं आणि पाद्री अँसेलकडे बघायचा.

कोपरा सगळा काढायचा नाही. कुजलेला ओंडका तेवढा काढ, आणि नवा एइनोला चढवू दे. त्याच्या आजोबाच्या खाचेने, आपल्या नव्हे. साहेबांना अस्सल वाटो न वाटो. पाटीवर लिही, हे घर कधीच एका हाताचं नव्हतं.

आणि ओंडका चढला की एइनो कोपऱ्याचा माणूस झाला. मग त्याला टेबलाशी नाही म्हणून दाखवावं तुझ्या बापाने, क्लेलने. ज्या कोपऱ्यामुळे स्वतः जन्माला आला, त्याच कोपऱ्यापाशी उभं राहून.

बापाला सांग, येताना मलाही घेऊन ये. वाडगा कुठे ठेवायचा ते मीच दाखवेन.

जीव लावत राहा.
आजी

ता. क. ऑर्लिना, हे मी, आई. पत्र संपेपर्यंत तुझे बाबा दारात उभे होते. आजीला वाटलं ते बाहेर आहेत. की तिला ठाऊक होतं, देव जाणे. मग बाबांनी विचारलं, "तो पोरगा घेवडा आणि मक्याचा पाव खातो का?" कळव.