डिस्कमागचा पत्रा

अण्णा, आज सकाळी तुमच्या जीपची पुढची दोन्ही चाकं काढली आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर चिडून काही हाती लागत नाही, एवढं मला कळतं. तरी चिडलेय.

आधी कशावरून हे सुरू झालं ते सांगते. आईचा मोतीबिंदू पिकलाय, सोमवारी बीडला ऑपरेशन आहे. भाऊ पुण्याहून येणार होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. मी म्हटलं, मी नेते की, जीप दारात उभी आहे. तर आई खाटेवरूनच म्हणाली, "तुज्या गाडीत म्या न्हाई बसायची. मधी घाट हाय. ह्यांनी सांगून ठिवलंय, तुजा पाय जड हाय." मी जनावरांची डॉक्टर आहे, अण्णा. लिंबागणेशच्या आसपासच्या वस्त्यांवर, पावसाळ्यात पोटरीएवढ्या काळ्या चिखलातून, चारही चाकांना जोर देत हीच जीप घेऊन जाते. अडलेल्या म्हशी सोडवते. लोक आपली जनावरं माझ्या भरवशावर सोडतात आणि माझी सख्खी आई माझ्या शेजारी बसायला तयार नाही. "मग ऑपरेशनच नको म्हण ना," मी म्हणाले. "नको तर नको," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

घाटातला तो दिवस तिच्याही डोक्यातून गेलेला नाही. आपण लिंबागणेशची चतुर्थी करून गेवराईला निघालो होतो. पहिल्यांदाच तुम्ही घाटात माझ्या हाती गाडी दिली होती. तुम्ही शेजारी, आई मागं नारळाची पिशवी सांभाळत बसलेली. वळण उतरताना पुढं उसाचा ट्रॅक्टर दिसतो, मी ब्रेक दाबते आणि पायाखाली धडधड सुरू होते, स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. मी घाबरून आणखी जोरात दाबते. जीप डाव्या अंगाला ओढली जाऊन कठड्याला घासून थांबते. तुम्ही उतरता, माझ्या बाजूला येता, चावी काढून घेता. "उतर खाली. पाय हाय का मुसळ? कावून इतका दाबतीस?" ट्रॅक्टरवरची माणसं वळून बघतात. त्यानंतर तुम्ही मला त्या चावीला हात लावू दिला नाही. पुढं भावाच्या पायाखालीही तीच धडधड झाली, तेव्हा मात्र तुम्ही म्हणालात, गाडी जुनी झाली. मी तिथंच उभी होते, अण्णा. माझा पाय आणि त्याची गाडी, हा हिशेब मला त्या दिवशीही पटला नव्हता.

तर आज ठरवलं, ब्रेकच्या नव्या डिस्क टाकायच्या आणि आईसमोर विषय मिटवायचा. इथला मेकॅनिक या जुन्या गाडीचा पुढचा हब, म्हणजे चाकाचा तुंबा, उघडायला धजत नाही. मी तुमच्या गॅरेजात वाढलेली, मला काय धाड भरलीय? जॅक लावला. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर काढून तारेनं वर टांगला, नळीवर भार नको म्हणून. हे तुम्हीच शिकवलेलं. बेअरिंग धुवायला डिझेलच्या घमेल्यात टाकलं. डिस्क हबला मागून सहा बोल्टांनी आवळलेली. पाच सुटले. सहाव्याचं डोकं गोल झालं आणि त्यानं माझा दीड तास खाल्ला. छिन्नी, हातोडा, शिव्या. उन्हात पाठ भाजून निघाली. शेवटी डिस्क सुटली तर तिच्यामागून पत्र्याचा तुकडा खाली पडला. हातानं कापलेली अर्धी चकती, गंजलेली, पण एका कडेला अजून हिरवा रंग आणि पिवळ्या फुलाची पाकळी.

मी तशीच मातीत बसून राहिले. तुम्हाला नवी डिस्क कधी पटायचीच नाही. जो येईल त्याला म्हणायचात, "नवी कशाला? लेथवर सफाई मारून आण." आपलीही तशीच मारून मारून भाकरीएवढी पातळ झालेली. एका बाजूनं जास्त घासली गेली असणार, म्हणून ती कॅलिपरच्या मध्यावर आणायला तुम्ही मागं पत्रा सारला. पण अर्धाच! अर्ध्या पत्र्यावर डिस्क सरळ बसते का? ती वाकडीच फिरणार, आणि ब्रेक दाबला की पायाला धक्के देणार. हे तुम्हाला कळत नव्हतं? गिऱ्हाइकाच्या गाडीत असलं काही दिसलं असतं तर तुम्ही त्याला चार माणसांत सोलून काढलं असतं.

पत्रा आईच्या हातात दिला. दिसत नाही तिला नीट. बोटं फिरवली, फुलाच्या उठावावर अंगठा थांबला. "माज्या कुरडयांच्या डब्याचं झाकण हाय हे," ती म्हणाली. "घाटाच्या आदल्या उन्हाळ्यात गेलतं. म्या तुलाच बोलले व्हते, हरवलंस म्हणून." मग मी सगळं सांगितलं. कसा बसवला होता, काय होत होतं. तिनं पत्रा पदरानं पुसला. "ह्यांच्या हातून झालं म्हण की," एवढंच बोलली. आणि थोड्या वेळानं, "सोमवारी किती वाजता निघायचं?"

संध्याकाळी, नव्या डिस्क बसवून झाल्यावर, एकटीच घाट उतरून आले. त्याच वळणावर ब्रेक मुद्दाम दाबला. जीप सरळ थांबली, पायाला काही म्हणजे काही जाणवलं नाही. आनंद व्हायला हवा होता. मला स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू आलं, आणि तेही रागानंच.

हे पत्र कुठं टाकायचं, तुमचा पत्ताच नाही. तेव्हा एक कबूल करून टाकते. जीप माझ्याकडं आल्यापासून नऊ वर्षं ती धडधड रोज पायाखाली होती. हब उघडता येत होता, हत्यारं तुमचीच घरात होती. तरी मी हात लावला नाही, घाट पहिल्या गिअरमध्ये उतरत राहिले. उघडून आत काहीच निघालं नसतं, तर पाय जड हेच खरं ठरलं असतं. इतकी वर्षं तुमच्यावर दात खाल्ले, अण्णा, पण गाडीत तुमच्या हातून काही चुकलं असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.