हळूहळूचं इंग्रजी

४ मार्च

आज पुन्हा "ग्रॅज्युअली" म्हणाली! ताईला बोलायला शिकवायला येते ती मुलगी. मंगळवारी आणि शुक्रवारी येते, चित्रांचे पत्ते पसरते. ताई कपाळाला आठ्या घालून एकेक पत्ता बघते आणि शेवटी म्हणते — "बरं." अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्याजवळ एवढा एकच शब्द उरलाय. चहा हवा? बरं. दुखतंय का? बरं. कपाचं चित्र? बरं. कळतं सगळं. शब्द तेवढे सापडत नाहीत.

मुलीला जिन्यात गाठून विचारलं, कधी बोलेल? तर म्हणे, "ग्रॅज्युअली, आंटी."

मी हिची आंटी कधी झाले? तेही ग्रॅज्युअलीच झालं असणार.

७ मार्च

कॉन्व्हेंट शाळेत 'स्लोली स्लोली' म्हटलं म्हणून मदरनी मला बाकावर उभं केलं होतं. इंग्रजीत एकदा सांगितलं की पुरतं, म्हणे. आपलं हळूहळू आणि थोडंथोडं त्यांना अडाणीपणाचं वाटायचं. जन्मभर मी ते खरं मानलं. आज ही पोरगी ताईसमोर बसून एका दमात म्हणाली — बिट बाय बिट, स्टेप बाय स्टेप, डे बाय डे. म्हणजे साहेबसुद्धा दोनदाच सांगतो की! फक्त मध्ये एक 'बाय' उभा करतो, देखरेखीला.

मुलीचं नाव बिटबाय ठेवलंय. ताईला सांगितलं, तर तोंडाचा चांगला कोपरा हलला. हसलीच ती.

९ मार्च

भाचा आला होता. ताईचा मुलगा. कोट न काढता बसला, तेव्हाच कळलं की काहीतरी सांगायचंय.

गेल्या महिन्यात ताई पलंगावरून घसरली. मी नळ सोडून भांडी घासत होते. तिला हाक मारता आली नाही, मला पडल्याचा आवाज आला नाही. किती वेळ जमिनीवर होती कोण जाणे. ते त्याच्या डोक्यातून जात नाही. माझ्या जातं, असं त्याला वाटतं.

त्याने एक केंद्र बघून ठेवलंय. नर्स कायम हाताशी, खिडकीतून बाग दिसते. महिनाअखेरीपर्यंत ताईला निदान हाक मारता आली तर ती इथे माझ्याकडे राहील. नाही आली तर तिकडे.

"मावशी, मी काही तिला टाकत नाहीये."

टाकणारे सुरुवात अशीच करतात, म्हटलं मी. त्याचा चेहरा उतरला. उतरू दे.

मग तो ताईलाच विचारायला गेला. आई, मावशीकडे राहायचंय ना? बरं. मग तिकडे जाशील का? बरं.



११ मार्च

बिटबाय आज म्हणाली, "स्लोली बट शुअरली." हा 'बट' कशाला मध्ये? म्हणजे हळू असलं की खात्री नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे!

१३ मार्च

ताईला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "इन ड्यू कोर्स."

हे मला सांगतात! विम्याच्या ऑफिसात साहेबांची स्टेनो म्हणून जन्म काढला मी. 'इन ड्यू कोर्स' माझ्याच बोटांनी टाइप केलंय. ज्याला ते लिहून जायचं, त्याची फाईल ढिगाच्या तळाशी जायची. शुद्ध मराठीत त्याचा अर्थ — पुन्हा विचारू नका.

घरी आल्यावर ताईला खुर्चीतून पलंगावर घेताना कमरेत काहीतरी कटकन वाजलं. तिला ऐकू गेलं बहुतेक.

१८ मार्च

आज मी पाण्याचा पेला लांब धरला. म्हटलं, पाणी म्हण, मग देते. ती हात पुढे करत राहिली. म्हण ना ताई, म्हण! बिटबाय दारात येऊन उभी राहिलेली मला दिसलीच नाही. तिने पेला माझ्या हातातून काढून घेतला. असं नका करू, शब्द ओढून निघत नाही, म्हणाली. मला शिकवते!

ताई पाणी प्यायली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं."

१९ मार्च

पाठ. झोप नाही. काही लिहायचं नाही.

२१ मार्च

बिटबाय म्हणते, "शी इज गेटिंग देअर." कुठे? पलंगावरच तर आहे!

मदर म्हणायच्या, क्रियाविशेषण कसं ते सांगतं. खरंच. स्लोली, ग्रॅज्युअली, लिटल बाय लिटल — सगळे कसं ते सांगतात. कधी ते एकही सांगत नाही. मला फक्त कधी हवंय.

२३ मार्च

भाचा आला तर घरभर धूर. मी दूध गॅसवर ठेवून टेबलावर डोकं टेकलं होतं, एवढंच. त्याने खिडक्या उघडल्या, पातेलं घासून ठेवलं — तेही नीट घासलं नाही — आणि म्हणाला, "यू आर वेअरिंग युवरसेल्फ आउट, मावशी."

मी काय चप्पल आहे? तुझं ज्ञान तुझ्या ऑफिसात ठेव, म्हटलं. हे सगळं ताईच्या उशाशी चाललं होतं. ती आळीपाळीने आमच्याकडे बघत होती.

तो गेल्यावर विचार केला. चपलेचा तळ झिजतो तो रोज दिसत नाही. एक दिवस पायाला ओल लागते, तेव्हा कळतं.

२५ मार्च

"पा"!

पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली. बिटबायने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. भाच्याला लगेच फोन केला.  तो म्हणाला, छान झालं, पण मावशी, ही हाक नव्हे. फोन आपटला मी.

२८ मार्च

'पा'च्या पुढे काही नाही. आज चादर बदलताना मध्येच खाली बसले आणि उठवेना. ताई वरून बघत होती. पलंगाचा पाय धरून उठले.

२९ मार्च

उद्या भाचा येणार. सकाळपासून ताईसमोर खुर्ची टाकून बसले होते — मला हाक मार, एकदाच मार. बोलता बोलता माझाच डोळा लागला. जाग आली ती तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता म्हणून.

"तू दमलीस," ताई म्हणाली. मग कितीतरी वेळ नुसते ओठ जुळवत राहिली. "मी जाते."

उद्या तो विचारेल, बोलली का. हो म्हटलं, तर काय बोलली तेही सांगावं लागेल.