आईचा तोंड दिसणारा फोटो

वर्धा, ४ ऑगस्ट २०२५

आदरणीय कांताआत्या,
स. जयभीम. आईच्या स्मृतिदिनाचं कार्ड अजून छापलं नाही. तुम्ही दिलेला तिचा तोंड दिसणारा एकुलता एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. काढताना चेहराच सोलला गेला. आधी काचेवरून स्कॅन केलं होतं म्हणून मी निश्चिंत होतो. मग कार्डाला चांगली वेलबुट्टी हवी म्हणून चोरीचा डिझाइन पॅक उतरवला. त्यात व्हायरस निघाला. माझ्या छपाईच्या दुकानातल्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं, आईच्याही. दुसरी प्रत नव्हती.
एका साइटवर एका म्हातारीचा फोटो दिसला, अगदी आईसारखा. हनुवटी थोडी बदलली तर कुणाला कळणार नाही. तोच छापू का?
लोभ असू द्या असं लिहायला तोंड नाही.
तुमचा अनुप

देवळी, ७ ऑगस्ट

चि. अनुप,
अनेक आशीर्वाद. छापू नकोस. ती कुणाची तरी आई आहे, कदाचित जिवंत आहे. तिला न विचारता आपल्या घरात मारणार का?
लग्नपत्रिकेचे पैसे मोजून घेतोस आणि दुसऱ्याची मेहनत तेवढी फुकट हवी. आमच्या शेजारचा प्रफुल कॉलेजात हेच शिकवतो, त्याला विचारलं. खुल्या परवान्याचे मराठी फॉन्ट, नक्षी, सॉफ्टवेअर, सगळं रीतसर मिळतं म्हणाला. परवाना तेवढा वाचायचा. वाचता येतं ना?
नुसतं नाव छाप. कॅमेरा दिसला की वहिनी पदर ओढायची. मले काऊन पाहून राह्यले, वावर पाहा म्हणायची.
तुझ्या लेकीनं, भावनानं, आजीला पाहिलेलं नाही. चेहरा कसा होता ते तिला मीच सांगेन म्हटलं आणि अडले. वहिनीच्या गालावर तीळ होता, तो उजव्या की डाव्या? तू पोटचा आहेस, लगेच कळव.
राग आहे, पण मायाही तेवढीच आहे.
तुझी आत्या

वर्धा, ११ ऑगस्ट

आदरणीय आत्या,
स. जयभीम. कार्ड छापलं, खुल्या परवान्याच्या फॉन्टात, नुसतं नाव. दुकानातलं चोरीचं सगळं काढून टाकलं. नव्या सॉफ्टवेअरवर हात बसायला वेळ लागतो आहे. भावनानं कार्ड उलटसुलट केलं आणि आजी कुठं आहे म्हणून विचारलं.
तिळाचं खूप आठवून पाहिलं. डोळे मिटले की साइटवरची ती म्हातारीच समोर येते. तिच्या गालावर तीळ नाही.
तुम्ही लवकर या.
अनुप