टॅब नंबर एकतीस

४ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शाळेचे दोन जिने अजून चढते. तुझं शिवणाचं दुकान जोरात चालू असेल, लेक तिच्या घरी रमली असेल.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच मशीनच्या खणात टाकशील, ही भीती आहेच. म्हणून आधी गंमत सांगते.

आमच्या शाळेत टॅब आले. तिसरीच्या माझ्या वर्गात मुलं तीस आणि टॅब एकतीस, एक जादाचा. प्रत्येकावर नंबर चिकटवलेला, प्रत्येकाला कानात घालायचं यंत्र. शिकवायला एक प्रशिक्षक मुलगी आली होती. ती म्हणाली, "मॅडम, मुलांना ओळखीचा आवाज लागतो. सगळे धडे तुमच्याच आवाजात भरू." मग काय, खेळाच्या खोलीत गाद्यांच्या ढिगात बसून मी अकरा दिवस बोलत होते. बेरीज, वजाबाकी, पाढे, सगळं. मुलाचं उत्तर चुकलं की टॅब म्हणतो, "छान प्रयत्न. पुन्हा करून बघ." हे एवढंसं वाक्य तिनं माझ्याकडून चौदा वेळा म्हणवून घेतलं. दर वेळी म्हणायची, "जरा प्रेमानं, मॅडम." पंधराव्यांदा जमलं.

आता वर्ग कसा असतो सांगू? शांत. तीस डोकी खाली, तीस जणांच्या कानात मी, आणि खरी मी खुर्चीत. परवा पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीचं गणित अडलं. मी हौसेनं वाकून समजवायला लागले, तर ती कानावर हात दाबून म्हणाली, "बाई, थांबा ना! मला बाईंचं ऐकू येत नाहीये."

मी हसले. खूप हसले. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

टॅबला नावं ठेवत नाही हं. जो मुलगा जूनपासून हात वर करत नव्हता तो आता दिवसाला वीस गणितं करतो. चारचौघांत चुकायची लाज नाही ना. पण बत्तीस वर्षं घसा फोडून कोमट पाण्याच्या गुळण्या करणारी बाई मी. आता घरी येते तेव्हा दिवसभरात बोललेली वाक्यं बोटांवर मोजता येतात. आणि घरी तर बोलायला भिंतीच आहेत. करमत नाही गं. खूप एकटं वाटतं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या चौथीच्या वर्षाची. ती सांगितल्यावर तू मला बहीण म्हणशील की नाही, ठाऊक नाही. आज नको. कागद संपत आला.

तुझी,
ताई


२९ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी तरी कुठे म्हटलं होतं? तरी रोज शाळेतून आल्यावर आधी पत्रांच्या पेटीत हात घालते. काल हाताला विजेचं बिल लागलं, तर तेवढ्यानंही बरं वाटलं.

आज एक चोरी सांगते. टॅब चार्ज करायच्या कपाटात खाचा तीसच आहेत. म्हणून एकतीस नंबरचा टॅब मी घरी आणते, रात्रभर लावून ठेवते, सकाळी परत नेते. एका संध्याकाळी बसल्या बसल्या तो उघडला. तो विद्यार्थ्याचं नाव विचारतो. मी टाकलं, ठमी.

पहिलंच गणित आलं, बावन्नातून अठ्ठावीस वजा. आठवतं? तू छत्तीस लिहायचीस. मी विचारलं, छत्तीस कुठून आले, तर म्हणायचीस, "ताई, दोनातून आठ कसे जातील? मोठ्यातून लहान जातो. मग आठातून दोन काढले." दर वेळी तेच. मी टॅबवर छत्तीस लिहिलं.

"छान प्रयत्न. पुन्हा करून बघ."

पुन्हा छत्तीस लिहिलं. मला बघायचं होतं, ही बाई कधी वैतागते. सतरा वेळा छत्तीस लिहिलं, ठमे, आणि सतरा वेळा माझ्याच आवाजानं मला प्रेमानं सांगितलं, पुन्हा करून बघ. तुला मी चौथ्या वेळेला फूटपट्टीनं मारलं होतं. बोटांच्या पेरांवर, आडव्या नाही, उभ्या पट्टीनं. रडलीसुद्धा नाहीस. पाटी पुसलीस आणि पुन्हा छत्तीस लिहिलंस.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तासभर तुझा अभ्यास घेते. हळूहळू तुला चोवीस यायला लागले. येड लागलंय म्हातारीला, म्हण हवं तर.

तुझ्या लेकीच्या लग्नात मी तिच्या सासूला म्हणाले होते, "आमच्या हिचं डोकंच चालायचं नाही, म्हणून शाळा सुटली." तू ताटं मांडत होतीस. ऐकलंस, काही बोलली नाहीस, आणि तेव्हापासून आजवर बोललीच नाहीस. ज्या बाईला नुसत्या नजरेनं कापडाचं माप कळतं, चिंधीएवढंही वाया जात नाही, तिला मी हे म्हणाले. चुकलं माझं. पण चूक एवढीच असती तर बरं होतं.

ती चौथीची गोष्ट आज लिहिणारच होते, पण कुकरची शिट्टी झाली.

खोटं लिहिलं. कुकर लावलेलाच नाही. एकटीला काय लावायचा?

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

ठमे,

आज आशीर्वाद लिहीत नाही. का ते खाली कळेल.

शनिवारी सगळी शाळा मैदानात बसली होती. या टॅबमध्ये अशी सोय आहे की महिनाभरात ज्यानं चुकल्यावरही सर्वांत जास्त वेळा पुन्हा प्रयत्न केला, त्याच्या नावाचं 'चिकाटीचं प्रशस्तिपत्र' आपोआप छापून येतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "तिसरी. ठमी."

कुणीच उठलं नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी पुन्हा पुकारलं, "ठमी आली नाही का आज?"

मला ते सहन झालं नाही. मी उठले, मुलांच्या रांगांमधून चालत गेले आणि दोन्ही हातांनी तो कागद घेतला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलं काय, कुणालाही वाजवतात.

मग खोलीत बोलावणं आलं. मुख्याध्यापिका माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मान राखून बोलतात. "बाई, ही ठमी कोण?"

"माझी धाकटी बहीण."

"काय वय?"

"एकोणपन्नास."

त्यांनी पटाची वही उघडून पुन्हा मिटली. मग हळूच म्हणाल्या, "वरून विचारणा होईल हो. पटावर तीसच मुलं आहेत. तेवढं नाव काढून टाका, विषय संपला." टॅब माझ्यासमोर ठेवला. त्यावर प्रश्न आला, 'या विद्यार्थ्याचं नाव कायमचं काढायचं?' खाली 'हो' आणि 'नाही'.

माझं बोट 'हो'वर जाईना. मी म्हटलं, "मी नाही काढणार." त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे. त्यांना नंतर देईन. आधी तुला देते.

चौथीच्या निकालाच्या दिवशी तू तापानं फणफणली होतीस. निकाल आणायला मी गेले. आईनं अंथरूण धरल्याला दोन महिने झाले होते, बाबा फिरतीवर. मला शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. आईजवळ दिवसभर कोणीतरी हवं होतं. तू किंवा मी. रस्ताभर मी हेच घोळवत आले. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि म्हणाले, "ठमी नापास झाली." आईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "मग राहू दे तिला घरी." पांघरुणातून तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "गणितात का गं, ताई?" मी हो म्हणाले.

चार दिवसांनी मीच शाळेत जाऊन तुझं नाव काढलं. अर्जावर बाबांची सही मी ठोकली.

तू पास झाली होतीस, ठमे. गणितात शंभरातले एकेचाळीस. ते बावन्न वजा अठ्ठावीस तुला पुढे कधीतरी आपलं आपणच जमलं असणार, कारण मी तर शिकवणं सोडून दिलं होतं. तुझं प्रगतिपुस्तक मी फाडू शकले नाही, दाखवूही शकले नाही. एकोणचाळीस वर्षं माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. त्यात तुझ्या वर्गशिक्षकांनी लिहिलं आहे, 'चुकते, पण सोडत नाही.' तू जन्मभर स्वतःला नापास समजलीस, आणि त्या जोरावर मी बत्तीस वर्षं बाई म्हणून मिरवले.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि ती सक्ती मला तुझ्यावर करायची नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक प्रशस्तिपत्र. सगळ्या चुका माझ्या बोटानं केल्या, पण त्या तुझ्या होत्या, म्हणून कागदही तुझाच. दुसरं प्रगतिपुस्तक. त्यात 'पालकाची सही' ही जागा अजून कोरी आहे. मी पेन हातात घेतलं होतं, पण परत ठेवून दिलं.

एकतीस नंबरचा टॅब सध्या मुख्याध्यापिकांच्या खणात आहे. तुझं नाव अजून त्यात आहे. मी आता संध्याकाळी नुसती बसते.

तुला नमस्कार करते. लहानांना नमस्कार लिहीत नाहीत, हे मीच तुला पत्रलेखनात शिकवलं होतं.

जिनं तुझं नाव शाळेतून काढलं, ती,
ताई