न भिजवलेलं कापड

नाना, परवा माझ्या दुकानात एक बाई आल्या होत्या. राहतात कॅनडात, माहेर इथलं सुरतेचं, उधन्याला. महिनाभर आल्या आहेत आणि जायच्या आधी त्यांना चार कुर्ते शिवून हवे आहेत, कारण तिकडे म्हणे अंगाला बसेल असं कुणी शिवतच नाही. त्यांनी पिशवीतून सुती कापड काढून टेबलावर ठेवलं. मी ते सवयीने चिमटीत धरून चोळलं आणि म्हटलं, हे अजून पाण्यातून काढलेलं नाही. त्यांना नवल वाटलं. "नुसतं हात लावून कसं कळलं?" मी म्हटलं, खळ बोटाला लागते ना, कुणाही शिंप्याला कळेल. हे बोलून गेले आणि मग बाई काय सांगत होत्या त्यातलं मला काहीच ऐकू आलं नाही. कुणाही शिंप्याला कळेल, तर मग तुम्हालाही कळलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला कळलं नव्हतं.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. आपण बमरोलीच्या खोलीत राहायचो आणि तुम्ही पांडेसऱ्यात एका किराणा दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसायचात. गिऱ्हाईक सगळं आपल्याकडचं, खानदेशातलं, खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यांत, काम करणारं. पण तेव्हा तयार कपडे हातगाड्यांवर यायला लागले होते. दर दिवाळीला तुमच्याकडे पँट शिवणारी माणसं आता फक्त पाय आखूड करून घ्यायला येत. आई रोज टुमणं लावायची, माझ्या भावासारखे तुम्हीही रंगाच्या खात्यात लागा, किती दिवस ओट्यावर माशा मारणार. तुम्ही जेवता जेवता एवढंच म्हणायचात, "कात्री धरनारा हात शे हाऊ. रंगमा नही घालनार." तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, त्यामुळे आईला भांडायलाही काही हाती लागत नसे.

आणि मग पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसचे, कापड रंगवायच्या कारखान्याचे, मॅनेजर एका परदेशी इंजिनियरला जीपमधून आपल्या ओट्यावर घेऊन आले. तो जर्मनीहून नवीन मशीन बसवायला आला होता आणि गेस्ट हाऊसवर राहत होता. कुठूनतरी खादीचं कापड घेऊन आला होता. दोन शर्ट आणि एक पँट शिवून हवी होती, मशीनच्या पूजेच्या दिवशी घालायला. मॅनेजर स्वतःच्या पँटी तुमच्याकडेच शिवत. त्यांनी तुम्हाला बाजूला घेतलं आणि गुजराती-हिंदीच्या खिचडीत सांगितलं, "मास्तर, मेहमान खुश तो सेठ खुश. पछी सब कारीगरों के युनिफॉर्म तुमारे पास." मी शेजारीच वही घेऊन उभी होते, इंग्रजी समजावून सांगायला. दोन पाळ्यांच्या माणसांचे युनिफॉर्म म्हणजे ओटा सुटणार, दुकानाचा गाळा मिळणार आणि खात्याचं नाव घरात पुन्हा निघणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. तुमच्या गळ्यातली टेप तुम्ही उगीचच दोनदा सरळ केलीत.

त्याने नमुन्याला स्वतःचा जुना शर्ट आणला होता. तुम्ही तो घडी करून त्याच्या हातात परत दिलात. मला म्हणालात, "त्याले सांग, शर्टनं माप नही लेत मी, मानूसनं लेस." मग किराणा दुकानातली लाकडी पेटी मागून घेतलीत आणि तिच्यावर चढून त्याच्या खांद्याची मापं घेतलीत, इतका तो उंच. रस्त्यावर माणसं जमली, हसायला लागली, तोही हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्याचा डावा खांदा दोनदा मापलात आणि मला म्हणालात, हा एका बोटाने उतरता आहे, विचार त्याला, लहानपणी हात मोडला होता का. मी विचारलं. तो आश्चर्याने तुमच्याकडे बघत राहिला. त्याच्या देशात कुणा शिंप्याने हे कधी ओळखलं नव्हतं म्हणाला. मला त्या क्षणी तुमचा इतका अभिमान वाटला नाना, की मी ते इंग्रजीतून मराठीत सांगताना अडखळले.

कापड तुम्ही माझ्याकडे दिलंत. "सुती शे, आटी जाई. सकाळले पाणीमा ठेव, सावलीमा वाळाड, मंग इस्तरी." इतकं सोपं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि अर्ध्या तासात गेलं, घरात एकच बादली उरली. माझ्या मैत्रिणीचा त्या दिवशी साखरपुडा होता. त्या बादलीच्या पाण्याने मी डोकं धुतलं. हे मी लिहिते आहे आणि माझे कान गरम होत आहेत, पण झालं ते असंच झालं. वर मनाशी वादही घातला. मी सुरतेत जन्मलेली, पॉलिस्टरच्या फ्रॉकमध्ये वाढलेली. आईच्या साड्या, माझे ड्रेस, घरातल्या चादरी, सगळं याच शहरात विणलेलं, रंगवलेलं. आटलेलं कापड मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, नानांचं हे गावाकडचं खूळ आहे, इथे कोण भिजवतं. मी कापडावर पाणी शिंपडलं, कडक इस्त्री फिरवली, नीट घडी घालून तुमच्या मशीनवर ठेवली आणि साखरपुड्याला गेले.

संध्याकाळी तुम्ही ते फळीवर पसरता आहात. खडू कानावर आहे. एका टोकाला तुम्ही कापड चिमटीत धरता, चोळता आणि थांबता. मी समोर उभी आहे, केसांत अजून मोगरा आहे. तुम्ही विचारता, "भिजाडं ना?" मी म्हणते, "हो." तुम्ही माझ्याकडे बघता. रागाने नाही, नुसतं बघता. मला एक शब्द बोलायचा आहे, नाही म्हणायचं आहे, अजून काहीच बिघडलेलं नाही. मग तुम्ही खडू घेता, रेघ मारता आणि कात्री चालायला लागते.

ट्रायल उत्तम झाली. कपडे असे बसले की त्याने ओट्यावरच गोल फिरून दाखवलं. मॅनेजरांनी तुमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आता गेस्ट हाऊसचा धोबी धुऊन कडक करून देईल, परवा पूजा. धोबी हा शब्द ऐकल्यावर मी हातातली वही मिटून टाकली. दोन दिवस होते माझ्या हातात. एकदा बोलले असते तर तुम्ही सायकल काढून पलसाण्याला गेला असता, कपडे धोब्याकडून परत आणले असते. मी बोलले नाही. रस्त्यावर कुठलीही जीप थांबली की माझ्या हातातलं काम सुटायचं. तुम्ही मात्र त्या दोन दिवसांत गाळे बघत फिरत होतात. आईला सांगत होतात की दाराशी काच लावायची, आत आरसा, गिऱ्हाइकाला बसायला बाक. आई पहिल्यांदाच तुमचं ऐकून घेत होती.

पूजेच्या दिवशी दुपारी मॅनेजर आले. जीपमधून उतरायच्या आधीच त्यांचा आवाज आला. "मास्तर, आ शुं कर्युं? सेठ के सामने नाक कटवा दी मेरी!" बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या, गळ्याचं बटण लागत नव्हतं, पँटखाली मोजे दिसत होते. इंजिनियर बिचारा तशाच कपड्यांत पूजेला उभा राहिला होता, त्याला काही वाटलं नव्हतं म्हणे. पण सगळं खातं हसलं होतं. ओट्यापाशी माणसं जमली, तीच जी त्या दिवशी जमली होती. "कपडा भिगोया नहीं था? इतना भी नहीं आता?"

तुम्ही उठून उभे राहिलात. माझ्याकडे वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, "मैं भूल गया साब. चूक मेरी है."

पुढच्या महिन्यात तुम्ही खात्यात लागलात. रंगाच्या टाकीवर. नखांच्या कडेला निळं बसलं ते निघालं नाही. मशीन घरी आलं आणि त्यावर मीच शिकले, पण माझ्या शेजारी बसून तुम्ही कधी काही दाखवलं नाहीत, मीही विचारलं नाही. सहा वर्षं तुम्ही ते काम केलंत आणि मग छातीच्या दुखण्याने गेलात. मला वाटायचं, तुम्ही खरंच स्वतःला दोष देत असाल. वाटायचं की कापड पुरतं भिजलं की नाही हे बघायला आपणच विसरलो, असं तुम्ही समजून बसला आहात, आणि त्या समजुतीत मला एक प्रकारचा आडोसा होता. परवापासून तो गेला. तुमच्या बोटांना खळ लागली होती आणि कानांनी माझं हो ऐकलं होतं, आणि तुम्ही कान खरे मानलेत. शिंपी म्हणून तुम्ही ती कात्री चालवायला नको होती. मला तुमचा रागसुद्धा येतो नाना. एक थोबाडीत मारून बादली आणायला धाडलं असतंत तर काय बिघडलं असतं?

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. तुम्ही मॅनेजरला चूक माझी म्हणालात तेव्हा मला रडू आलं, असं मी माझ्या नवऱ्याला सांगितलं आहे. खोटं आहे ते. मला हायसं वाटलं होतं. सुटले एकदाची, असं वाटलं होतं, आणि संध्याकाळी मी पोटभर जेवले.

आई आता माझ्याकडेच असते, दुकानाच्या मागच्या खोलीत. तुमची ही गोष्ट ती गिऱ्हाइकांना हसून सांगते, आमचं माणूस कारागीर मोठं पण भारी विसराळू. परवा त्या कॅनडाच्या बाईंनाही सांगितली. मी कापड मोजत राहिले. आत्ता तिने आतून हाक मारून विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी वं इतलं?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाची मापं.